ऑक्सिजन गेला कुठे? बायोस्फिअर २ मधला कार्बनचा हिशेब

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात टूसॉन शहराच्या उत्तरेला ओरॅकल नावाचं छोटं गाव आहे, त्याच्याजवळ डोंगरपायथ्याला काचेची एक अवाढव्य इमारत उभी आहे, तिचं नाव बायोस्फिअर २. नंबर दोन, कारण बायोस्फिअर १ म्हणजे आपली पृथ्वी. २६ सप्टेंबर १९९१ ला आठ माणसं या इमारतीत शिरली, दार बंद झालं, आणि ठरलेलं असं होतं की दोन वर्षं बाहेरून हवा नाही, पाणी नाही, अन्न नाही, जे लागेल ते आतच पिकवायचं आणि जे उरेल ते आतच जिरवायचं. टेक्सासमधल्या तेलाच्या श्रीमंत घराण्यातल्या एड बास यांनी पैसा घातला होता. तीन एकरांहून थोडी जास्त जागा, त्यात पावसाळी जंगल, गवताळ माळ, खारफुटी, वाळवंट, खरंखुरं प्रवाळ असलेला छोटा समुद्र, अर्ध्या एकराच्या वर शेती आणि माणसांची राहायची सोय. शेतीत भात, रताळी, केळी, पपई, गहू, भुईमूग, आपला वालसुद्धा. शेळ्या, कोंबड्या, डुकरं पण होती.

या प्रयोगाबद्दल बहुतेक ठिकाणी जे वाचायला मिळतं ते सगळं आतल्या माणसांची भांडणं, उपासमार, मुंग्या-झुरळं आणि प्रयोग कसा फसला यावर असतं. मला त्यात फारसा रस नाही. माझ्या मते कार्बन सजीवांतून, मातीतून, हवेतून आणि दगडातून कसा फिरतो हे समजून घ्यायला याच्याइतकं स्वच्छ प्रकरण दुसरं सापडणार नाही, कारण इथं चारी बाजूंनी भिंत होती, काहीही आत आलं-गेलं तर मोजता येत होतं. वर्षभरात जेमतेम दहा टक्क्यांच्या आत हवा गळायची, एवढ्या मोठ्या इमारतीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. दिवसा ऊन तापलं की आतली हवा फुगणार आणि काचा फुटणार, म्हणून शेजारी दोन मोठ्या गोल खोल्या बांधल्या होत्या ज्यात रबरी पडदा हवेबरोबर वर-खाली व्हायचा, त्यांना तिथले लोक फुप्फुसंच म्हणायचे. आणि ही बंदिस्त व्यवस्था नीट होती म्हणूनच पुढचं कोडं पडलं, गळकी इमारत असती तर काही कळलंच नसतं.

आता काय झालं ते. दार बंद झालं तेव्हा आत ऑक्सिजन बाहेरच्याएवढाच होता, २०.९ टक्के. मग तो हळूहळू उतरायला लागला, आणि उतरतच राहिला. जानेवारी १९९३ पर्यंत, म्हणजे सोळाएक महिन्यांत, तो साधारण साडेचौदा टक्क्यांवर आला. समुद्रसपाटीवरून ४००० मीटर उंचीवर गेल्यावर जेवढा ऑक्सिजन मिळतो साधारण तेवढा, लेह ३५०० मीटरवर आहे, म्हणजे लेहच्याही वर, आणि तिथं तरी माणूस दोन दिवस आराम करून मग फिरतो, इथं ही मंडळी कमी जेवणावर रोज शेतात राबत होती. जिना चढताना मध्येच थांबायला लागायचं, रात्री झोपेत श्वास अडकून जाग यायची. आठ जणांत डॉक्टर होते रॉय वॉलफर्ड, त्यांच्या देखरेखीखाली शेवटी बाहेरून ऑक्सिजन आत सोडायचा निर्णय झाला. वर्तमानपत्रांनी यावरून फार झोडपलं, नियम मोडला म्हणून. पण माणसांच्या जिवाशी खेळ करून नियम पाळण्यात काहीही शास्त्र नाही, निर्णय बरोबरच होता.

खरा प्रश्न वेगळाच होता. ऑक्सिजन गेला कुठे?

शाळेत शिकलेलं आठवा. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, पाणी घेतं, उन्हात त्याची साखर करतं आणि ऑक्सिजन सोडतं. आपण, शेळी, गांडूळ, मातीतले जिवाणू, आपण सगळे उलटं करतो, साखर जाळतो, त्यासाठी ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोन्ही क्रियांमध्ये ढोबळमानाने एकास एक हिशेब आहे, ऑक्सिजनचा एक रेणू गेला की कार्बन डायऑक्साइडचा एक यायला पाहिजे. म्हणजे कार्बनचा आणि ऑक्सिजनचा हिशेब एकाच वहीच्या दोन पानांसारखा, एका पानावर जमा झालं की दुसऱ्यावर खर्च दिसलाच पाहिजे.

तर करा हिशेब. ऑक्सिजन कमी झाला ६.४ टक्के. एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग), तर ६.४ टक्के म्हणजे ६४ हजार पीपीएम. एवढा ऑक्सिजन जर कशाच्या तरी कुजण्यात, श्वासात संपला असेल तर हवेत ६४ हजार पीपीएम कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा होता. प्रत्यक्षात आत किती होता? उन्हाळ्यात हजाराच्या आसपास आणि हिवाळ्यात तीन-चार हजार. बाहेरच्या हवेपेक्षा तो कितीतरी जास्त होता हे खरं, त्या काळात बाहेर साधारण ३५५ पीपीएम होता, पण ६४ हजारांच्या समोर तीन-चार हजार म्हणजे काहीच नाही. वजनात बोलायचं तर इमारतीतली हवा साधारण दोन लाख घनमीटर, त्यावरून ढोबळ गणित मांडलं तर पाच-सहा टन कार्बन कुठंतरी गायब होता. टन! हवेत नाही, मग कुठे?

याचं उत्तर शोधण्याआधी एवढा श्वास घेत कोण होतं ते बघू, कारण ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच पटेल. आठ माणसं आणि चार शेळ्या मिळून एवढा ऑक्सिजन संपवू शकत नाहीत. संपवत होती माती. शेतीसाठी जवळच्याच एका तळ्याची गाळमाती आणली होती, त्यात कंपोस्ट आणि पीट, म्हणजे दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा, भरपूर घातलं होतं. हेतू चांगला होता, बाहेरून खत आणायचं नाही, ही इमारत शंभर वर्षं चालवायची, मग झाडं वाढायला जो कार्बन आणि अन्नद्रव्यं लागतील ती मातीतच साठवून ठेवू. पण ताजं सेंद्रिय द्रव्य, त्यावर ऊब, त्यावर ओल, जिवाणूंना याच्यापेक्षा आणखी काय पाहिजे. आपल्याकडे अर्धवट कुजलेलं शेणखत पावसाच्या तोंडावर शेतात पडलं की कसं तापतं, तसंच, पण ते एका बंद खोलीत. जिवाणूंनी ते खायला सुरुवात केली आणि जेवढं खाल्लं तेवढा ऑक्सिजन ओढला.

आणि प्रमाण किती बिघडलेलं होतं बघा. पृथ्वीवर मातीत जेवढा सेंद्रिय कार्बन आहे तो हवेतल्या कार्बनच्या साधारण दुप्पट धरतात. बायोस्फिअर २ मध्ये तो हजारो पट होता. पृथ्वीची हवा एवढी मोठी आहे की मातीत थोडं इकडं-तिकडं झालं तरी हवेत ते कळायला वेळ लागतो, इथं हवा इवलीशी आणि मातीचा साठा अफाट, त्यामुळे एक ढगाळ दिवस आला तरी संध्याकाळी मीटरवर दिसायचं. दिवसा झाडं ओढायची, रात्री सगळे मिळून सोडायचे, एका दिवसात सहाशे पीपीएमपर्यंत वर-खाली. मला हा आकडा फार बोलका वाटतो, कारण पृथ्वीची हवा औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या २८० पासून आज ४२० च्या वर यायला पावणेतीनशे वर्षं लागली आणि तेवढ्यानं आपली झोप उडालीये.

उजेडाचीही पंचाईत होती. काच आणि वरचा लोखंडी सांगाडा मिळून जवळजवळ निम्मं ऊन बाहेरच अडायचं, त्यात ती दोन्ही वर्षं एल निनोची निघाली, अ‍ॅरिझोनासारख्या रखरखीत ठिकाणी हिवाळाभर ढग. म्हणजे माती जोरात श्वास घेतेय आणि झाडं मात्र अर्धपोटी. आतल्या लोकांनी हातपाय गाळले नाहीत हे मुद्दाम सांगतो. माळावरचं गवत कापून वाळवून कोरडं साठवलं म्हणजे ते कुजणार नाही आणि त्याच्या जागी नवीन फुटवा कार्बन ओढेल, कंपोस्ट करणं थांबवलं, रात्रीचं तापमान उतरवलं म्हणजे जिवाणू मंदावतील, मोकळ्या कोपऱ्यांत भराभर वाढणारी झाडं लावली. कार्बन हातानं उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवायचा, असं रोजचं काम माणसांनी पहिल्यांदाच केलं असेल. शिवाय कार्बन डायऑक्साइड धरून त्याचा चुनखडीसारखा साका करणारं एक यंत्रही आत होतं, त्याची वाच्यता आधी नीट केली नव्हती आणि ती मात्र मोठी चूक होती, लपवलं की लोकांचा विश्वास उडतो. पण त्या यंत्रानं धरलेला कार्बन हिशेबात घेतला तरी वजाबाकी जुळत नव्हती.

मग तर्क सुरू झाले. मातीतलं लोखंड गंजतंय आणि ऑक्सिजन खातंय का? तसं असेल तर कार्बन डायऑक्साइड वाढणारच नाही आणि कोडं सुटेल. की समुद्राच्या पाण्यात कार्बन विरघळतोय? पाण्यात तो जातच होता, त्यामुळे पाणी आम्लाकडे झुकत होतं आणि प्रवाळासाठी सोडा टाकून पीएच सांभाळावा लागत होता, पण त्या छोट्या समुद्रात एवढे टन मावणार नव्हते.

कोलंबिया विद्यापीठातले वॉलेस ब्रोकर यांच्या कानावर हे कोडं आलं. हवामान आणि महासागरातला कार्बन हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्यांचा संशोधक विद्यार्थी जेफ सेव्हरिंगहाउस यानं याच्या मागे लागून छडा लावला, आणि उत्तर सापडलं भिंतीत. काँक्रीटमध्ये.

इथं परत शाळेत जाऊया, कारण हा प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय. चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारली की निवळी दुधाळ होते. निवळीत विरघळलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, त्याला आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड भेटला की कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे खडू, चुनखडी, संगमरवर या सगळ्यांचं मूळ द्रव्य. सिमेंट पाण्यात घट्ट होतं तेव्हा त्यातही हाच कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतो. बायोस्फिअर २ मध्ये आत उघडं, नवं, न रंगवलेलं काँक्रीट प्रचंड होतं, आणि हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या दहापट. ते काँक्रीट रात्रंदिवस तो शोषत होतं आणि आतल्या आत चुनखडी करत होतं. आतल्या काँक्रीटचे नमुने काढून तपासले तर बाहेरच्या काँक्रीटपेक्षा त्यात कार्बोनेट कितीतरी जास्त निघालं. आणि नुसतं प्रमाणावर भागवलं नाही, कार्बनचे समस्थानिक, म्हणजे कार्बनचेच कमी-जास्त वजनाचे अणू, पण मोजले. झाडं हलका कार्बन, म्हणजे कार्बन-१२, जरा जास्त पसंत करतात, त्यामुळे जे एकदा झाडातून जाऊन आलंय त्या कार्बनवर तशी खूण राहते. या खुणा वाचून भिंतीतल्या चुनखडीचा हिशेब मातीतून निघालेल्या हवेशी जुळवता आला. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

म्हणजे पूर्ण वाट अशी: कधीतरी कुठल्यातरी झाडानं हवेतून कार्बन घेतला, ते झाड कुजून कंपोस्ट झालं, कंपोस्ट मातीत गेलं, मातीतल्या जिवाणूनं ते खाल्लं आणि त्यासाठी हवेतला ऑक्सिजन घेतला, त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला, तो झाडाच्या पानापर्यंत पोचायच्या आधीच भिंतीनं गिळला आणि त्याची चुनखडी झाली. त्या चुनखडीत नुसता कार्बन नाही, त्या माणसांचा ऑक्सिजन पण अडकून बसला. झाडाला तो परत मिळाला असता तर झाडानं ऑक्सिजन परत हवेत सोडला असता, भिंत काही सोडत नाही.

एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. त्या काँक्रीटनं घात केला असं लिहिलं जातं, पण उलटं करून बघा. काँक्रीट नसतं तर कार्बन डायऑक्साइड चढत गेला असता, आणि सहा टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत माणूस फार काळ तग धरू शकत नाही, चौदा टक्के ऑक्सिजनमध्ये निदान धापा टाकत जगतो. म्हणजे भिंतीनं एका बाजूनं त्यांना वाचवलं आणि दुसऱ्या बाजूनं खरा आजार झाकून ठेवला, कारण सगळ्यांचं लक्ष कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवर होतं आणि तो मीटर, जास्त असला तरी, आटोक्यात दिसत होता. मूळ बिघाड होता मातीचा श्वास आणि झाडांचं काम यांच्यातल्या तफावतीचा, तो तसाच चालू होता.

पृथ्वीवर हेच होतंय, म्हणून मी हे एवढं ताणून लिहितोय. आपण कोळसा, पेट्रोल, गॅस जाळून जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला निम्म्याच्या आसपास हवेत राहतो, बाकीचा समुद्र आणि जमिनीवरची झाडं-माती उचलतात. हवेतला आकडा बघून बिघाड किती ते पूर्ण कळत नाही. तो कळायला ऑक्सिजनचं पान उघडायला लागतं, आणि हे काम अमेरिकेतल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेतले राल्फ कीलिंग १९८९ पासून करतायत, हवेतला ऑक्सिजन दरवर्षी इवलासा कमी होतोय तो मोजायचं काम. जमिनीवरच्या झाडानं कार्बन घेतला तर ऑक्सिजन सुटतो, समुद्रानं नुसता विरघळवून घेतला तर सुटत नाही, या फरकावरून कोणी किती घेतला ते वेगळं काढता येतं. सेव्हरिंगहाउससुद्धा पुढे स्क्रिप्समध्येच गेले आणि बर्फात अडकलेल्या जुन्या हवेवर काम करू लागले. काळजी ऑक्सिजन संपण्याची नाही, तो भरपूर आहे, काळजी वहीची आहे.

काँक्रीटचं प्रकरण तर आपल्या दारात आहे. मुंबईत तीस वर्षं झालेल्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट होतं तेव्हा इंजिनिअर काँक्रीटवर एक द्रावण फवारतात, फिनॉल्फथॅलीन, जिथं गुलाबी होतं तिथं काँक्रीट अजून अल्कली आहे, जिथं रंगच येत नाही तिथपर्यंत हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून चुनखडी झालीये. ती रेषा सळईपर्यंत पोचली की सळई गंजायला मोकळी, मग प्लास्टर फुगतं, स्लॅबचे तुकडे पडतात. जी क्रिया अ‍ॅरिझोनात ऑक्सिजन भिंतीत अडकवत होती तीच इथं पिलरमध्ये चालू आहे, फक्त सावकाश. आणि जगभरातलं सगळं सिमेंट धरून हिशेब केला तर तोही छोटा नाही, २०१६ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात निघालं की १९३० ते २०१३ या काळात सिमेंट बनवताना चुनखडी भाजून जेवढा कार्बन सुटला त्यातला साधारण ४३ टक्के काँक्रीटनं नंतर परत शोषला. भट्टीच्या इंधनाचा कार्बन यात धरलेला नाही, त्यामुळे यावरून सिमेंट निर्दोष आहे असं कोणी म्हणायला जाऊ नये.

मातीचंही तसंच. आपल्याकडे माती परीक्षणाच्या रिपोर्टवर सेंद्रिय कर्ब असा रकाना असतो, महाराष्ट्रातल्या बऱ्याच जमिनींत तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा खाली येतो, आणि सल्ला ठरलेला, शेणखत घाला, कंपोस्ट घाला. सल्ला योग्यच आहे, पाचट जाळण्यापेक्षा कुजवणं केव्हाही चांगलं. पण घातलं म्हणजे राहिलं असं नाही, हे बायोस्फिअरच्या शेतीनं दाखवलं. ऊब आणि ओल असली की घातलेल्यातला मोठा भाग थोड्या काळात हवेत परत जातो, मराठवाडा-विदर्भाच्या उन्हात तर जास्तच. म्हणून आजकाल शेतकऱ्यांना मातीत कार्बन साठवल्याबद्दल कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील असं सांगत जे येतात त्यांना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की तुम्ही किती खत घातलं ते मोजणार की काही वर्षांनी मातीत किती उरलं ते मोजणार, आणि किती खोलीपर्यंत.

इमारतीचं पुढे चांगलं झालं. १९९० च्या दशकात कोलंबिया विद्यापीठानं ती चालवायला घेतली, आणि तिथल्याच समुद्रात ख्रिस लँग्डन आणि सहकाऱ्यांनी पाण्याचं रसायन बदलून दाखवून दिलं की पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की प्रवाळ आपला सांगाडा हळू बांधतं. समुद्राच्या आम्लीकरणाचा प्रश्न लोकांनी गांभीर्यानं घेतला त्यामागे त्या प्रयोगाचा मोठा हात आहे. २००७ पासून अ‍ॅरिझोना विद्यापीठ तिथं संशोधन करतंय, २०११ मध्ये मालकीही त्यांच्याकडे आली.

आणि ती शेती, जिथल्या मातीनं सगळा ऑक्सिजन ओढला, तिथं आता तीन कृत्रिम उतार आहेत, प्रत्येक तीस मीटर लांब, एक मीटर जाडीचा थर, आणि थर कशाचा तर बारीक केलेल्या बेसॉल्टचा. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाच्याच जातीचा दगड. बेसॉल्ट पावसात झिजताना कार्बन डायऑक्साइड पाण्याबरोबर धरून बायकार्बोनेट, म्हणजे पाण्यात विरघळून राहणारा कार्बनचा क्षार, करतो, दख्खनचा पठार हे काम साडेसहा कोटी वर्षं करतोय, आपल्या काळ्या जमिनीत खाली जे चुनखडीचे खडे लागतात त्यातही काही कार्बन असाच जमिनीत तयार होऊन बसलेला असतो. तिथल्या उतारांवर सेन्सर लावून हे मोजलं तेव्हा दिसलं की दगड कार्बन ओढायला तयार असतो पण मातीच्या पोकळ्यांतून तो आत पोचायलाच वेळ लागतो, नुसत्या उघड्या दगडाला हवा पुरत नाही. झाडाची मुळं असली की ती खाली श्वास सोडतात आणि दगडाला तिथल्या तिथं कार्बन डायऑक्साइड मिळतो. आता भारतातही भाताच्या खाचरांत बेसॉल्टची भुकटी पसरून कार्बन पकडायचे प्रयोग चालू झालेत, मती कार्बन नावाच्या संस्थेला त्यासाठी २०२५ मध्ये एक्सप्राइझ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं मोठं बक्षीसही मिळालं. खाचराबाहेर वाहून जाणाऱ्या पाण्यात किती बायकार्बोनेट गेलं हे तिथं मोजणं अवघड आहे, काचेच्या इमारतीतल्यासारखी चारी बाजूंनी भिंत शेताला नसते.